शब्दांचे सांधे : वहीतली काही टिपणे

बस

लॅटिनमध्ये ‘ऑम्निबुस’ म्हणजे सर्वांसाठी. ‘ऑम्नि’ म्हणजे सर्व आणि ‘बुस’ हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. संस्कृतात हेच ‘सर्वेभ्यः’. तो ‘बुस’ आणि हा ‘भ्यः’ एकाच जुन्या प्रत्ययाची दोन लेकरे.

१८२९ साली जॉर्ज शिलिबीअरने लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी घोड्यांची ऑम्निबस सुरू केली. कल्पना त्याने पॅरिसहून आणली होती. तिकिटाचे पैसे देईल त्या कुणालाही वाटेत चढता यावे म्हणून हे नाव. नाव लांब होते, लोकांनी ते छाटले. छाटताना ‘सर्व’ गेले आणि नुसता प्रत्यय राहिला. एकटा प्रत्यय रस्त्यावर उभा राहून नाम झाला. रोज सकाळी लाखो माणसे एका विभक्तिप्रत्ययात बसून कामाला जातात.

एसटी

याच्या उलट आपल्याकडे झाले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ची ही आद्याक्षरे. त्यात गाडी कुठेच नाही, राज्य आहे आणि वाहतूक आहे. तरी ‘एसटी आली’ म्हटले की डोळ्यांसमोर लाल गाडी उभी राहते. खेड्यात तिची ‘यष्टी’ झाली. दोन इंग्रजी अक्षरे मराठी तोंडात गेली आणि थेट ‘सृष्टी’ आणि ‘गोष्टी’च्या पंगतीत जाऊन बसली. लहानपणी मला कुणी सांगितले असते की हा शब्द इंग्रजी आहे, तर मी विश्वास ठेवला नसता.

चुकीच्या जागी तुटलेले

इंग्रजीत नामाआधी ‘अ’ येतो, आणि नाम स्वराने सुरू होत असेल तर ‘ॲन’. बोलताना हे दोन शब्द एकमेकांना चिकटतात. मग ऐकणाऱ्याने तोडायचे कुठे?

स्वयंपाकघरातला ‘ॲप्रन’ मुळात ‘नॅप्रन’ होता. ‘अ नॅप्रन’ म्हणता म्हणता लोकांनी ते ‘ॲन ॲप्रन’ ऐकले, आणि ‘न’ पलीकडच्या घरी गेला. त्याच कुळातल्या ‘नॅपकिन’चा ‘न’ मात्र जागेवर राहिला. ‘ॲडर’ हा विषारी साप असाच पूर्वी ‘नॅडर’ होता. उलट दिशेनेही घडले. ‘एकनेम’ म्हणजे जोडीचे, जादा नाव. ‘ॲन एकनेम’चे ‘अ नेकनेम’ झाले आणि त्यातून आजचे ‘निकनेम’ आले.

यात कुणी पंडित नव्हता. स्वयंपाकघरात, शेतात, बाजारात बोलणारी साधी माणसे होती. त्यांच्या कानाने सांधा जिथे आहे असे धरले, तिथे तो पुढे खरोखरच झाला.

नारिंग

आपल्या नारिंगाची गोष्टही याच जातीची. संस्कृत ‘नारंग’ फारसीत गेला, तिथून अरबीत, मग इटली-फ्रान्समार्गे इंग्लंडला पोचला. इंग्रजीने तो ‘ऑरेंज’ म्हणूनच उचलला, कारण युरोपच्या वाटेवर आधीच ‘न’ गळाला होता. तिथेही ‘एक’ या अर्थी आधी येणाऱ्या शब्दाने तो गिळला. स्पॅनिशमध्ये मात्र तो अजून ‘नारांखा’ आहे. फळवाल्याकडे नारिंग मागताना आपण तो ‘न’ अजून सांभाळतो, हे मला फार आवडते.

हेलिकॉप्टर

ग्रीकमध्ये ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्रासारखे वळण आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. या दोघांवरून १८६१ मध्ये गुस्ताव द पाँतों दामेकूर या फ्रेंच माणसाने शब्द घडवला. ‘मळसूत्री पंख’ असा त्याचा अर्थ. सांधा होता ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ यांच्यामध्ये. पण ‘प्ट’ने सुरू होणारा शब्द इंग्रजी जिभेला परका. लोकांनी तो ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा तोडला. या तोडण्यातून दोन नवे तुकडे मिळाले. एकाचे ‘हेलिपॅड’ झाले, दुसरा ‘कॉप्टर’ म्हणून स्वतंत्र उडू लागला.

त्या ‘प्टेरॉन’चा संस्कृतातला सख्खा भाऊ ‘पत्र’. ‘पत्र’ म्हणजे पान आणि पंखही, मुळाशी ‘पत्’ धातू, उडणे. पोस्टाने येणारे पत्र आणि आकाशात घरघरणारे यंत्र यांच्यात एवढे जवळचे नाते असेल, असे शाळेत कुणी सांगितले नव्हते.

बर्गर

‘हॅम्बर्गर’ म्हणजे हॅम्बुर्ग शहराचा. ‘पुणेरी’, ‘सातारी’ यांसारखे विशेषण. पण इंग्रजीत ‘हॅम’ म्हणजे डुकराचे मांस, त्यामुळे अमेरिकेत लोकांनी तो ‘हॅम’ अधिक ‘बर्गर’ असा वाचला. मग चीजबर्गर निघाला, व्हेजबर्गर निघाला. ‘बर्गर’ला स्वतःचा अर्थ मिळाला तो केवळ एका गैरसमजातून.

रोज वीस शब्द

शेजारची मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करते. रोज वीस. वहीच्या डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ. परवा तिची वही चाळली. ‘मॅन्युस्क्रिप्ट’ तिसऱ्या पानावर, ‘मॅन्युअल’ नवव्या, ‘मॅन्युफॅक्चर’ चौदाव्या, ‘मॅनिक्युअर’ आणखी कुठे तरी. चारही तिने वेगवेगळे घोकले होते, आणि दोन विसरलीही होती.

मी तिला विचारले, “हस्ताक्षर, हस्तकला, हस्तलिखित, हस्तांतर हे शब्द तू कधी पाठ केलेस?”

ती म्हणाली, “ते पाठ कशाला करायचे, काका? त्यात हात दिसतोच की.”

“मग तुझ्या या चौघांतही हातच आहे. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात.”

तिने चारही पाने पुन्हा उलटली. ‘स्क्रिप्ट’ म्हणजे लिहिलेले, तेव्हा ‘मॅन्युस्क्रिप्ट’ म्हणजे अक्षरशः ‘हस्तलिखित’. ‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजे हाताने केलेले, आज ते यंत्राने होत असले तरी. मग मी ‘मॅनेज’ सांगितला. तोही याच हाताचा, इटलीत घोडा हाताळण्यासाठी वापरत, तिथून आलेला. मराठीत आपण नेमके ‘हाताळणे’च म्हणतो. तिने पेन्सिलीने चारही पानांवर एक छोटा पंजा काढला. रात्री तिच्या आईने सांगितले की पोरगी जेवताना सुद्धा शब्द सोलत होती.

दोन कोठ्या

इंग्रजीकडे धान्याच्या दोन कोठ्या आहेत. रोजच्या वापराची घरची, आणि लॅटिन-ग्रीकची ठेवणीतली. दात ‘टूथ’, पण दातांचा डॉक्टर ‘डेंटिस्ट’. डोळा ‘आय’, पण डोळ्यांसंबंधीचे ‘ऑक्युलर’. चंद्र ‘मून’, पण चांद्र ते ‘लूनर’. मराठी मुलाला हे अवघड का वाटावे? त्याच्याही घरी दोन कोठ्या आहेत. दात पण दंतवैद्य, डोळा पण नेत्रदान, गाव पण ग्रामपंचायत, पाऊस पण पर्जन्यमान. आपली ठेवणीतली कोठी संस्कृतची, त्यांची लॅटिनची, आणि ‘दंत’ आणि ‘डेंट’ यांसारखे काही दाणे तर एकाच शेतातले. इंग्रजी शिकवणाऱ्याने हे पहिल्या आठवड्यात सांगावे. मी ते सांगायला फार वर्षे लावली.

वाऱ्याचा डोळा, गाईचा डोळा

‘विंडो’ हा शब्द उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा. ‘विंडाउगा’, म्हणजे वाऱ्याचा डोळा. काच नसलेली, धूर बाहेर जावा आणि वारा आत यावा म्हणून ठेवलेली भोके डोळ्यांसमोर आणावीत. आपले ‘गवाक्ष’ म्हणजे गाईचा डोळा. दोन्हीकडे भिंतीला डोळा फुटला आहे.

त्यातली गाय इंग्रजीत दोनदा भेटते. गोठ्यातली ‘काऊ’ इंग्रजीच्या मूळ साठ्यातली. ताटातले ‘बीफ’ १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच बोलणाऱ्या मालकांकडून आले. गुरे राखणारा एक भाषा बोलत होता, मांस खाणारा दुसरी, ही गोष्ट पुष्कळजण सांगतात. पण आणखी मागे गेले तर ‘काऊ’, ‘बीफ’ आणि संस्कृत ‘गो’ तिन्ही एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. एका गाईचे तीन वाटे झाले आणि तिघे एकमेकांना ओळखेनासे झाले.

मुंगूस

इंग्रजी कोशात ‘माँगूस’च्या पुढे मराठीचे नाव असते. आपले मुंगूस तिकडे गेले. पण इंग्रज कानाला परका आवाज ओळखीच्या आवाजात बसवायची सवय. ‘गूस’ म्हणजे त्यांचे हंसबदक, म्हणून शेपूट त्या पक्ष्यासारखे लिहिले गेले. अनेकवचन मात्र ‘गीस’प्रमाणे बदलत नाही, ‘माँगूसेस’च होते. पिसे चढवली तरी आत मुंगूसच आहे, याची ती खूण.

या सवयीचे सर्वांत मोठे उदाहरण एका ग्रंथाच्या नावात आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश इंग्रज शिपायांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा कोश केला आणि १८८६ मध्ये तो त्याच नावाने प्रसिद्ध झाला. शोक करणाऱ्यांच्या तोंडची दोन पवित्र नावे परक्या कानात गेल्यावर दोन इंग्रज आडनावे झाली. शब्द घडतात तेव्हा काही हरवतेही, हे त्या मुखपृष्ठावरच लिहिलेले आहे.

शेजारी-पाजारी

‘शेजारी’ समजतो. ‘पाजारी’ कोण? ‘उरलासुरला’तला ‘सुरला’ काय? एकटे विचारले तर यांना उत्तर देता येत नाही, जोडीदाराच्या हाताला धरूनच ते जगतात. इंग्रजीत ‘क्रॅनबेरी’ आहे. ‘बेरी’ कळते, ‘क्रॅन’ एकटा कुठे भेटत नाही. मुळात तो ‘क्रेन’ पक्षी, म्हणजे क्रौंच, जर्मन वळणाच्या उच्चारातून आलेला. भाषाशास्त्रज्ञ अशा एकाकी तुकड्याला ‘क्रॅनबेरी रूपिम’च म्हणतात. मराठीत पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याने त्याला ‘पाजारी’ म्हणावे असे मला वाटते. मुलांना लगेच कळेल.

गोडेतेल

गोडेतेल गोड नसते. ‘गोड तेल’ म्हटले तर चव आली, ‘गोडेतेल’ म्हटले की खाण्याचे तेल. त्या एका मात्रेने दोन शब्दांचा एक झाला.

इंग्रजीत हे काम आघात करतो. ‘ब्लॅक’ आणि ‘बर्ड’ दोन्हींवर सारखा जोर दिला तर कुठलाही काळा पक्षी. पहिल्यावर जोर देऊन दुसरा हलका सोडला तर ब्लॅकबर्ड ही एक जात. त्या जातीची मादी तपकिरी असते, तरी ती ब्लॅकबर्डच. वर्गातल्या हिरव्या फळ्याला आपण ब्लॅकबोर्ड म्हणतो, तेही याच नियमाने. सांधा घट्ट झाला की आतल्या शब्दांचा रंग उडतो. लिहिलेल्या इंग्रजीवर वाढलेल्या आपल्या मुलांना हा जोर ऐकूच येत नाही. पुस्तक बंद करून, बाकावर टिचकी वाजवून तो शिकवावा लागतो.

आधी चोर, मग चोरी

साधारणपणे क्रियापदाला प्रत्यय लागून कर्ता होतो. ‘टीच’वरून ‘टीचर’. पण ‘एडिटर’ इंग्रजीत आधी आला. लोकांनी त्यात ‘टीचर’सारखाच प्रत्यय पाहिला, तो सोलला, आणि ‘एडिट’ हाती लागले. ‘बर्ग्लर’ हा घरफोड्याही आधीचा, त्याचे ‘बर्गल’ हे क्रियापद नंतरचे. ‘पीज’ हा वाटाण्याचा एकवचनी शब्द होता. शेवटचा ‘ज’ अनेकवचनाचा वाटला, म्हणून एका दाण्यासाठी ‘पी’ तयार झाला. नसलेला सांधा पाहणे हीदेखील भाषेची एक रीत आहे.

खांद्यावर घेणे

इंग्रजीत ‘शोल्डर’ म्हणजे खांदा आणि खांद्यावर घेणेही. ‘एल्बो’ म्हणजे कोपर आणि कोपराने वाट काढणेही. ‘थम्ब’, ‘आय’, ‘हेड’, कोणताही अवयव उचलावा आणि कामाला लावावा. पूर्वी असे नव्हते. जुन्या इंग्रजीत प्रेम ‘लुफू’ आणि प्रेम करणे ‘लुफियन’. शेवटचे प्रत्यय हळूहळू झिजले, दोन्हींचे ‘लव्ह’ झाले. प्रत्यय गळाल्यामुळे भाषा गरीब झाली नाही, तिच्या नामांना हातपाय फुटले.

आपण प्रत्यय टिकवले आणि त्यांच्याकडून काम करून घेतले. रागावणे, पाणावणे, लाथाडणे, हाताळणे. आता मात्र ‘क्लिक करणे’, ‘फॉरवर्ड करणे’ असे सगळे ‘करणे’वर टाकतो. ‘पाणावणे’ घडवणारी भाषा आपलीच आहे, तिला गंज चढू नये असे मनापासून वाटते.

अपेंडिक्स

लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये ज्या इंग्रजी कोशाचा संकल्प सोडला, त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये निघाला. योगायोग असा की मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती मुंबईत त्याच १८५७ साली छापली गेली. त्या इंग्रजी कोशाचा संपादक जेम्स मरे बागेतल्या लोखंडी शेडमध्ये बसून देशोदेशीच्या वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या लावत असे. चिठ्ठीवर एक शब्द आणि तो जिथे भेटला ते वाक्य.

‘अपेंडिसायटिस’ हा शब्द तेव्हा फक्त डॉक्टरांचा मानून वगळला गेला. खोड लॅटिन शब्दाचे, त्याला दाह दाखवणारा ग्रीक प्रत्यय, १८८६ च्या सुमाराचे ताजे कलम. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक याच आजारामुळे पुढे ढकलावा लागला आणि घराघरात तो शब्द पोचला. कोशात मात्र नव्हता. ‘बाँडमेड’ म्हणजे दासी, या शब्दाची तर चिठ्ठीच हरवली. तो पुढे १९३३ च्या पुरवणीत आला. इतक्या दक्ष माणसाच्या हातून एक दासी निसटली. चिठ्ठ्या लावणाऱ्या त्या हातांबद्दलचा माझा आदर यामुळे वाढलाच.

प्रीपोन

‘पोस्टपोन’मध्ये लॅटिनचे दोन तुकडे आहेत, नंतर आणि ठेवणे. परीक्षा अलीकडे घेतली तर काय म्हणायचे? भारतीयांनी ‘पोस्ट’ काढून ‘प्री’ बसवला. ‘प्रीपोन’. कितीतरी वर्षे इंग्रजीचे शिक्षक तो खोडत आले, मीही खोडला. आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. सांधा अगदी बरोबर ओळखून घडवलेला, गरजेचा शब्द. आपल्या कचेऱ्यांनी आणि शाळांनी इंग्रजीला दिलेले हे देणे आहे, त्याची लाज कशाला?

गारवा

हे टिपण लिहायचे खूप दिवस टाळले.

आठवीच्या वर्गात भाषांतराला वाक्य दिले होते, ‘वडाच्या पारावर गारवा होता.’ मागच्या बाकावरच्या एका मुलीने ‘कूल्थ’ लिहिले. ‘वॉर्म’चे ‘वॉर्म्थ’, तर ‘कूल’चे ‘कूल्थ’. मी लाल फुली मारली आणि वर्गात म्हणालो, “असा शब्द नसतो.” ती खाली बसली. त्यानंतर वर्षभर तिने स्वतः जुळवलेले एकही वाक्य लिहिले नाही, गाईडातलीच लिहिली.

पुढे कधी तरी मोठ्या कोशात सहज पाहिले. ‘कूल्थ’ आहे. सोळाव्या शतकापासून आहे. रुळला नाही एवढेच. ‘थ’ हा प्रत्यय आता नवे शब्द फारसे देत नाही. ‘डेप्थ’, ‘लेंग्थ’, ‘ट्रूथ’ सांभाळून तो थकला आहे, आणि काम ‘नेस’कडे गेले आहे. आपल्याकडे ‘वा’चे तसेच. गोडवा, गारवा, ओलावा, दुरावा झाले, पण ‘कडू’चा तसा शब्द होत नाही, आणि नव्या शब्दांना ‘पणा’ लागतो, ‘स्मार्टपणा’. त्या मुलीने ‘गारवा’ला ‘कूलनेस’ लिहिले नाही. थकलेल्या प्रत्ययाला तितकाच जुना प्रत्यय तिने शोधला. इतके अचूक भाषांतर माझ्या वर्गात क्वचित झाले असेल, आणि त्यावर फुली माझी आहे.

पेन्सिल

आता संध्याकाळी सोसायटीतली चार मुले येतात. लाल पेन मी ठेवून दिले आहे. नवा, विचित्र शब्द दिसला की आधी विचारतो, “कुठे तोडलास?” बहुतेक वेळा मूल लगेच दाखवते, आणि तोडण्याला काही कारण असतेच.

काल सातवीतल्या मुलाने ‘डिसअपॉइंट’ वाक्यात वापरला. त्याच्या वाक्याचा अर्थ असा होत होता की कंपनीने माणसाला कामावरून काढले. मी विचारले. तो म्हणाला, “अपॉइंट म्हणजे नेमणे. मग डिसअपॉइंट म्हणजे नेमणूक काढून घेणे ना, सर?”

मी कोश उतरवला. पंधराव्या शतकात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हाचा त्याचा अर्थ नेमका तोच. पदावरून दूर करणे. निराशा त्यातून पुढे आली. त्याला दोन्ही अर्थ दाखवले, आज कोणता चालतो तेही सांगितले. मग त्याच्या वहीत, त्याच्या वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहिले : बरोबर, पंधराव्या शतकात.

तो ते दाखवायला घरी पळाला.